शंभरातल्या अठ्ठेचाळीस

मानवी शरीरात पांढऱ्या पेशींचं एक सैन्य अहोरात्र डोळ्यांत तेल घालून पहारा देत असतं. प्रयोगशाळा बघायला येणाऱ्या शाळकरी मुलांना लॅबवाले भाऊ हे वाक्य एकतीस वर्षं ऐकवत आले होते. आज सूक्ष्मदर्शकापाशी बसल्या बसल्या त्यांना लागोपाठ पाच शिंका आल्या. त्यांचं सैन्य साध्या सर्दीशी चौथ्या दिवशीही झुंजत होतं. आणि तिसऱ्या मजल्यावर, काचेच्या खोलीत, त्यांच्या बायकोचं सैन्य औषधांनी कर्करोगाबरोबरच कापून काढलं होतं.

सर्दीवाल्याला त्या खोलीत मज्जाव.

"न्यूट्रोफिल पाचशे झाल्या की मास्क लावून दहा मिनिटं सोडते," वॉर्डच्या सिस्टर म्हणाल्या होत्या. "मोजणारे तर तुम्हीच, भाऊ. तुमच्याच हातात आहे म्हणा ना!"

त्यामुळे नवराबायकोची भेट दोनच ठिकाणी होत होती. फोनवर आणि तिच्या रक्ताच्या काचपट्टीवर.

"अहो, अजून शिंकताय. ऐकू येतंय मला," सकाळी ती म्हणाली. तापानं आवाज खोल गेला होता.

"माझ्या न्यूट्रोफिल उतावळ्या आहेत. कुणी परका दिसला की धावत सुटायचं, त्याला गिळायचं आणि तिथंच मरायचं."

"आणि त्या दुसऱ्या? लक्षात ठेवणाऱ्या?"

"लिम्फोसाइट. त्या तुझ्यासारख्या. एकदा भांडण झालं की जन्मभर विसरायचं नाही."

"मग तुम्ही कोण?"

"बेसोफिल. शंभरात एखादी. काम नक्की काय करते, ते विचारू नये."

ती हसली, मग बराच वेळ खोकली. "आज पाचशे करा हो," म्हणाली. "एकदा बघायचंय तुम्हाला."

तिच्या पांढऱ्या पेशी घन मिलिमीटरभर रक्तात हजार होत्या. शंभर ओळखायच्या. त्यांतल्या पन्नास न्यूट्रोफिल निघाल्या, की झाले पाचशे. एरवी या पेशी घोळक्यानं भेटतात. इथे काचपट्टी सरकवत राहावं, तेव्हा कुठे एखादी. पोटात दोऱ्यात ओवल्यासारखे तीन-चार मणी दिसले, की भाऊ मोजणीच्या पेटीवरची न्यूट्रोफिलची कळ दाबत. अठ्ठ्याण्णव पेशी झाल्या, त्यांत अठ्ठेचाळीस न्यूट्रोफिल.

मग दोन पेशी शेजारी शेजारी आल्या. फुटलेल्या, पसरलेल्या. मणी होते की नव्हते, देव जाणे. फुटलेली पेशी मोजायची नाही, हा नियम.

भाऊंनी बोट कळीवर ठेवलं. एकतीस वर्षांत त्यांनी कुणा बड्या माणसाच्या सासऱ्यासाठीही असली पेशी मोजली नव्हती. पण बड्या माणसाचा सासरा त्यांना कधी "एकदा बघायचंय" म्हणाला नव्हता. त्यांनी नाक पुसलं. खोटे पाचशे लिहिले तर सर्दीवाला आत जाणार. तो सर्दीवाला म्हणजे आपणच.

त्यांनी काचपट्टी पुढे सरकवली. पुढच्या दोन्ही गोल, गडद. लिम्फोसाइट.

चारशे ऐंशी. सही करून कागद वर पाठवला आणि फोन केला.

"उद्या," ते म्हणाले.

"बरं. आधी नाक शिंकरा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती गेली. आता भाऊंना आत जायला कुणाची हरकत नव्हती.

सिस्टरनी तिचा चष्मा, फोन आणि चार्जर पिशवीत घालून दिला. भाऊ हललेच नाहीत.

"दोन पेशी होत्या, सिस्टर. मोजल्या असत्या तर काल भेट झाली असती. मी मोजल्या नाहीत."

सिस्टरना आधी काही कळेना. मग कळलं.

"अहो भाऊ, त्याचं मनाला लावून घेऊ नका. डॉक्टर मशीनचाच आकडा बघतात. काल दुपारी चारशे दहा आला होता. तुमच्या हातात आहे, हे मी आपलं तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोलले."

"आणि माझा कागद?"

"तो आम्ही नुसता फाइलला लावतो."

"कधीपासून?"

"नवं मशीन आलं तेव्हापासून," सिस्टर म्हणाल्या. "चार वर्षं झाली."