लुईव्हिलचा चौथा

माझ्या नवऱ्याला, अतुलला, एकच व्यसन आहे. क्रिकेट. मस्कतमधल्या त्याच्या बांधकाम कंपनीची टीम तो चालवतो, कारण अर्बाबला, म्हणजे ओमानी मालकाला, कप हवा असतो. इथे चांगला बॉलर बॉलर म्हणून येत नाही. त्याचा व्हिसा स्टोअरकीपर म्हणून निघतो. मग त्याला सिमेंटची गोण ओळखता आली नाही तरी चालतं. ऑलविन असाच वसईहून आला होता. त्याचा व्हिसा मार्चअखेरीला संपत होता आणि वाढवायचा की नाही हे अतुलच्या एका शब्दावर होतं. 'नको' म्हटलं असतं तर इथल्या नियमाप्रमाणे ऑलविनला दोन वर्षं ओमानमध्ये पाऊल टाकता आलं नसतं.

जानेवारीत आमची टीम पहिल्या नंबरवर होती. फेब्रुवारीच्या मध्यापासून हरायला लागली. ऑलविनचा वेग गेला, हातातले कॅच सुटू लागले. नेमका तेव्हाच अतुलला त्याच्या अमेरिकन कन्सल्टंटने जुन्या बेसबॉलच्या गोष्टींचा नाद लावला होता. १८७७ साली म्हणे लुईव्हिल नावाच्या शहराची धंदेवाईक टीम अशीच पहिल्या नंबरवर होती आणि अचानक हरायला लागली. चौकशी झाली, तर खेळाडू पैसे खाऊन हरत होते. चार जण कायमचे बाद.

"सेम टू सेम," अतुल जेवताना म्हणाला. "टॉपची टीम, सोपे कॅच. वैशाली, हा पोरगा विकला गेलाय."

"कुणाला?"

"बेंजामिनला."

बेंजामिन म्हणजे दुसऱ्या नंबरच्या टीमचा कॅप्टन. तोही वसईचाच. दर शुक्रवारी संध्याकाळी त्याची गाडी हमरियात ऑलविनच्या बिल्डिंगखाली उभी असते, अशी बातमी अतुलने काढली होती. सकाळी मॅच, संध्याकाळी गाडी. त्याला आणखी काय हवं?

मी हसून उडवून लावायला हवं होतं. पण माझ्याही मनात संशय होता, फक्त वेगळा. शुक्रवारी मॅचला मी घुब्र्याच्या आमच्या घरून डबा घेऊन जाते. चिकन कटलेट, अंड्याचं सँडविच. ऑलविन आधी सगळ्यात जास्त हादडायचा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तो पहिल्यांदा आमच्या घरी आला. हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो आहे, शेजारी बुद्धाची मूर्ती आहे. त्याने ते बघितलं, सरबत प्यायला, गेला. आणि पुढच्याच आठवड्यापासून, "नको वहिनी, पोट भरलंय."

असली भरलेली पोटं नागपुरात मी लहानपणापासून पाहिली आहेत. इतक्या लांब वाळवंटात येऊनही तेच बघावं लागेल असं वाटलं नव्हतं. चर्चला जातात, पण मनातली जात काही धुऊन निघत नाही, असं मी अतुलला फणकाऱ्याने म्हणाले. त्याला ते पटलं नाही. त्याच्या डोक्यात पैसाच होता. पण आम्हा दोघांचे संशय एकाच चुलीवर शिजत होते.

मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी आम्ही पुन्हा हरलो. ऑलविन दोन ओव्हरनंतर धापा टाकत खाली बसला. मॅच संपल्यावर अतुलने त्याला गाडीजवळ बोलावलं.

"बेंजामिनशी काय चाललंय तुझं?"

"काही नाही, सर. गाववाला आहे."

"मग मोबाईल दाखव. त्याचे मेसेज बघू दे."

ऑलविनचा चेहरा पडला. त्याने मोबाईल खिशात आणखी खाली दाबला. "सॉरी सर. ते नाही जमणार."

"खलास," अतुल म्हणाला. "रविवारी ऑफिसला कळवतो."

परतीच्या वाटेवर तो जवळजवळ खुशीत होता. लुईव्हिलमध्येही असंच झालं होतं, म्हणाला. क्लबने खेळाडूंना आपल्याला आलेल्या तारा, म्हणजे तेव्हाचे मेसेज, दाखवायला लावल्या आणि चोर सापडले.

"चौघंही?"

"तिघं. चौथ्याने तारा दाखवल्याच नाहीत."

"त्याच्याविरुद्ध काय निघालं?"

"काही नाही. पण नाही म्हणाला ना! म्हणून बाद."

अतुलला घरी सोडलं आणि संध्याकाळ होताच मी गाडी हमरियाकडे वळवली. मला भांडायचंच होतं. आमच्या हातचं चालत नसेल तर तोंडावर सांग, एवढंच विचारायचं होतं.

दार ऑलविनच्या बायकोने उघडलं. कॅरलला मी दिवाळीनंतर बघितलं नव्हतं. सैल गाऊनमधूनही पोट दिसत होतं. आत बेंजामिन आणि त्याची बायको फ्लोरा, दर शुक्रवारसारखे, दोघांना चर्चला घेऊन जायच्या तयारीत होते. ऑलविन भिंतीला टेकून बसला होता, डोळे मिटून.

"वहिनी, तुम्ही?" कॅरल घाबरली.

मी भांडण विसरून तिच्या पोटाकडे बघत राहिले.

"पाचवा चालू आहे," ती हळूच म्हणाली. "आधीची दोन गेली. म्हणून सातव्यापर्यंत कुणाला सांगायचं नाही ठरवलंय. डॉक्टर फ्लोराच्या ओळखीची आहे, सगळे रिपोर्ट बेंजामिनच्या मोबाईलवर येतात, तो ह्याला पाठवतो."

"आणि हा जेवत का नाही?"

"उपवासकाळ आहे ना आमचा, ईस्टरपर्यंत. ह्याने नवस केलाय. शुक्रवारी चर्चमधली संध्याकाळची प्रार्थना, क्रूसाची वाट, होईपर्यंत फक्त पाणी."

"मग सांगायचं ना!"

ऑलविनने डोळे उघडले. "उपास करतोय हे सांगत फिरायचं नाही, असं लहानपणापासून शिकवलंय, वहिनी. आणि सरांना काय सांगू? शुक्रवारी बॉलिंगसाठीच तर आणलंय मला."

माझ्या सासऱ्यांनी दीक्षेनंतर उपासतापास घरातून हद्दपार केले होते. आमच्या घरात न जेवणाऱ्या माणसाचा एकच अर्थ शिकवला गेला होता. रमझानमध्ये टीममधल्या मुसलमान पोरांसाठी अतुल मॅच रात्री ठेवतो, त्यांची इफ्तारी मी बांधून देते. पण उपास ऑलविनलाही असू शकतो, हे आम्हा दोघांच्या डोक्यात आलं नाही. मला अतिशय लाज वाटली.

घरी येऊन मी अतुलला सगळं सांगितलं. रविवारी त्याने अर्बाबला 'ठेवा' सांगितलं. कप बेंजामिनच्या टीमने नेला. व्हिसा वाढला. अतुलने ऑलविनची माफीही मागितली, तोंडावर, नीट. जुलैत कॅरलला मुलगी झाली. मला वाटलं, मिटलं.

सप्टेंबरात नवा सीझन सुरू झाला. पहिल्या मॅचला ऑलविन सगळ्यांच्या आधी हजर होता. त्याने मोबाईल उघडला आणि अतुलच्या हातात ठेवला.

"सर, बघून घ्या. मग टॉसला जा."

"अरे, काय हे! ठेव तो."

"नको सर. आता पोरगी आहे. नंतर गैरसमज नको."

आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून दर शुक्रवारी हेच चाललंय. अतुल मोबाईल न बघता परत करतो. ऑलविन तो लगेच घेत नाही. सरांनी बघितला, असं चार लोकांना वाटावं एवढा वेळ तो तिथेच उभा राहतो, आणि मग बॉलिंगला जातो.