सोनेरी पट्टी आणि सीतारामरावांचं नाक

पैज लागली ती करपलेल्या सांबारावरून. कामाक्षीवहिनींचं सांबार बुडाला लागलं, वास अख्ख्या गल्लीत फिरला, आणि त्यांचे यजमान सीतारामराव जेवून बाहेर आले ते ढेकर देत म्हणाले, "आज फक्कड झालं होतं."

समोरच्या तिण्णैवर, दाराबाहेरच्या ओट्यावर, पाय हलवत बसलेल्या रघोजीला आयतंच सापडलं. "नाक अजून रजेवरच काय, सीतारामराव?"

"परत आलंय कधीचंच."

खरं तर सीतारामरावांना तेवढं एकच विचारायचं नव्हतं. पूर्वी गल्लीत कुणीही कॉफीच्या बिया भाजायला घेतल्या की सीतारामरावांना बोलावणं जायचं. ते दारात उभे राहून नुसता वास घ्यायचे आणि "उतरव" म्हणायचे. मागच्या वर्षी तापात नाक गेलं, तेव्हापासून कुणी बोलावत नव्हतं.

"आलंय तर दाखवा," रघोजी म्हणाला. "तुमच्या भाच्यानं, मुरलीनं, तो परदेशी, हातानं वळलेला सिगार दिलाय ना? तो आणि आपला त्रिचीचा साधा चिरूट, सुरुट्टु. डोळे बांधून ओढायचे. कुठला कोण ते सांगायचं."

"आणि हरलेला?"

"जिंकलेल्याला कॅरिअरवर बसवून चारी राजवीथी, गावच्या चारी मोठ्या रस्त्यांवरून, सायकल मारेल. देवाचा रथ जातो तशी, वर छत्री धरून."

"सरी, कबूल," सीतारामराव म्हणाले आणि सिगार रघोजीच्याच हाती दिला. रघोजीच्या खोड्या ठाऊक असलेल्या गल्लीत दुसऱ्या कुणी हे केलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रघोजीनं सिगारच्याच जाडीचा, त्याच रंगाचा सुरुट्टु आणला. सिगारची सोनेरी पट्टी काढून सुरुट्टुला चढवली आणि एकटाच हसला. दुपारी जेवून आडवा झाला, तेव्हा त्याला त्याहून झकास सुचलं. दोन्ही वेळा सुरुट्टुच द्यायचा. म्हातारा काहीतरी सांगणारच, मग खरा सिगार बाहेर काढायचा. उठला, आणखी एक सुरुट्टु घेऊन आला आणि पट्टीवाला माल पानाच्या डब्यात टाकला. बाकीचे दोन संध्याकाळसाठी.

संध्याकाळी गल्ली जमली. सीतारामरावांच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला. पहिला त्यांनी बोटांत फिरवला, कुठे गाठ लागते का चाचपलं, पेटवण्याआधी कोराच ओढून पाहिला. मग काडी लावली.

"हा आपला. आधी घशाला शिवी देतो, मग नाव विचारतो."

मग दुसरा पेटवला. धूर तोंडात घोळवला, हळू सोडला. "भाजलेली कॉफी. उतरवायच्या जरा आधीची. मागे जुनी लाकडी पेटी उघडल्यासारखं काहीतरी. रघोजी, राख पडली?"

"नाही."

"पडणार नाही इतक्यात. हा परदेशी."

रघोजीनं राखेकडे पाहिलं. बोटाच्या पेराएवढी झाली तरी उभी. सुरुट्टुची राख कधी अशी राहते? आणि हा गोडसर वास कुठून येतोय? त्यानं डोकं खाजवलं. वहिनींनी धूप लावला असेल.

"टॉवेल काढा," तो म्हणाला. "दोन्ही सुरुट्टुच होते. खरा हा बघा." त्यानं डबा उघडून सोनेरी पट्टी सगळ्यांना दाखवली. गल्ली हसली. सीतारामराव हसले नाहीत.

"म्हणजे कॉफी मला नुसती वाटली," ते म्हणाले. हातातला दुसरा त्यांनी कठड्यावर ठेवून दिला. कामाक्षीवहिनी दारातून म्हणाल्या, "राहू दे ते. आत या तुम्ही."

रघोजीनं विजयाचा म्हणून पट्टीवाला पेटवला, ऐटीत झुरका घेतला, आणि घशात मिरची कांडल्यासारखं झालं. डोळ्यांतून पाणी. परदेशी माल असा? त्यानं पट्टीकडे पाहिलं. कठड्यावरच्या त्या उभ्या राखेकडे पाहिलं. पट्टी... सकाळी... पट्टी कुणी चढवली होती?

त्यानंच, सुरुट्टुला.

गप्प बसला असता तर कुणाला कळलं नसतं. पट्टी त्याच्या बाजूनं होती. रघोजीला आजवर कुणी फसवलं नव्हतं, तेही तसंच राहिलं असतं. पण सीतारामराव उंबऱ्यापर्यंत पोचले होते, वाकून, एखाद्या आजाऱ्यासारखे.

"थांबा," तो खोकत म्हणाला. "कॉफी खरी आहे."

मग त्याला सगळं सांगावं लागलं. तीनदा, कारण गल्लीला पहिल्यांदा काही कळलं नाही आणि दुसऱ्यांदा त्याचाच गोंधळ उडाला.

"म्हणजे तुम्ही स्वतःलाच फसवलंत?" त्याची बायको भुवना म्हणाली.

"दुसरं कुणी जमवलं असतं का?"

सीतारामराव परत आले होते. कठड्यावरचा सिगार उचलून त्यांनी नाकाखाली धरला, बराच वेळ. मग म्हणाले, "कामाक्षी, छत्री आण. आणि कालचं सांबार करपलं होतं."

"काल का नाही बोललात?"

"नाकावर माझाच भरवसा नव्हता."

पश्चिम राजवीथीला वळेपर्यंत रघोजीला धाप लागली. दुकानदार बाहेर येऊन बघत होते. मागे सीतारामराव छत्री धरून वास मोजत होते, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं: मोगरा, तळलेले वडे, उघडं गटार, कुणाकडे तरी कॉफी भाजतायत.

"उतरव," ते त्या घराकडे बघून ओरडले. आतून कुणीतरी "सरी मामा" म्हणालं.

सायकल पुढे गेली. जरा वेळानं मागून पुन्हा आवाज आला.

"रघोजी, आज आंघोळ राहिली वाटतं."