मालुबाई मेली नव्हती

मी एक जुने, दोन माणसांचे विमान आहे. अंग लाकडाचे, वर कापड ताणलेले. मित्रांनो, १९३६ साली बोरगावच्या भूपालअण्णांनी मला बेळगावला आणले. सकाळच्या धुक्यातून वर आले की खालची शेते पाण्यात बुडाल्यासारखी दिसत. मला वाटे, मी उडत नाही, पोहते आहे.

एका सकाळी जवळच्या कंग्राळी गावावर माझे इंजिन थांबले. पेट्रोलच्या नळीत कचरा अडकला होता. सगळे शांत झाले, फक्त माझ्या तारांतून वारा गुणगुणत होता. अण्णांनी मला तरंगत तरंगत कापलेल्या भातशेतात उतरवले. एक चाक वाकले, बाकी काही नाही. गवत कापणाऱ्या मालुबाईने अण्णांना पाणी दिले.

दोन दिवसांनी वर्तमानपत्रात आले, ‘विमान कोसळले! शेतकरीण मालुबाई जागीच ठार. ही कापडी विमाने म्हणजे उडती सरणे!’

अण्णांच्या आईने, धोंडूबाईंनी, अन्न सोडले. “ते इमान मोडून टाक,” एवढेच त्या म्हणाल्या. अण्णा माझ्यासाठी गिऱ्हाईक शोधू लागले. तिकडे कंग्राळीत अनगोळहून मालुबाईचा भाऊ रडत आला, तर दारात बहीणच उभी!

दुसऱ्या दिवशी ती अण्णांना घेऊन थेट छापखान्यात गेली. तिथली हकिगत अण्णांनी मला चाक बसवताना सांगितली.

“मीच ती मेलेली. बघा, जिती हाय का न्हाय?”

संपादक ओशाळले. “बाई, आम्हाला तसं कळलं होतं.”

“दोन मैलांवर कंग्राळी. कोण आलतं का बघायला?”

“पण विमानात दोष होताच ना?”

“चूक माझी,” अण्णा म्हणाले. “नळी मी तपासली न्हाय. माझ्या नावानं छापा.”

खुलासा आला, साबणाच्या जाहिरातीखाली, चार ओळींचा.

“हे कोण वाचतंय?” मालुबाई म्हणाली. “अण्णा, मला वर न्या. समदी बघू देत.”

अण्णांनी नळी तीनदा साफ केली. धोंडूबाई मैदानाच्या कडेला डोळे मिटून बसल्या. वर मालुबाईने पदर दातांत धरला, आणि ढग हाताला लागले तेव्हा लहान मुलीसारखी हसली. खाली उतरून ती धोंडूबाईंना म्हणाली, “वर लई गार असतंय गं, आक्का!”

धोंडूबाई उठल्या. प्रथमच माझ्या पंखावरून हात फिरवत म्हणाल्या, “भूपाल, मला कवा नेतोस?”

मित्रांनो, आता मी गोदामात धूळ खात उभे आहे. माझे कापड जीर्ण झाले आहे. माझ्यासाठी हळहळू नका. फक्त कुणाविषयी काही लिहिण्याआधी त्याच्या दारापर्यंत चालत जा.