बिनदुधाची

मित्रांनो, जमिनीवर माझा मागमूसही उरत नाही, तेव्हा मी सर्वाधिक जागी असते. मी रुईच्या कुळातली एक जुनी रानवनस्पती आहे. दर थंडीत माझे देठ वाळून पडतात आणि मातीखाली मी नुसती मुळी होऊन राहते. मला चालता येत नाही. स्वस्थ बसणेही कधी जमले नाही.

माझा जन्म मात्र उडण्यासाठीच झाला होता. पांढऱ्या रेशमी केसांची जी बी हवेत तरंगताना ‘म्हातारी, म्हातारी’ म्हणत तुम्ही तिच्यामागे धावता, ती मी. वाऱ्याने मला एका परसातील रेताड कोपऱ्यात टाकले आणि तो निघून गेला. मी खाली खाली जात राहिले. पाने बेताचीच होती, पण मुळी हातभर खोल गेली.

त्या घरात दोन जावा होत्या. थोरली शाळेत भूमिती शिकवी. धाकटी परसात लोकांचे कपडे धुऊन वाळत घाली. नळाची वेळ आणि दाराची कडी यांपलीकडे दोघींत बोलणे नव्हते. मला केशरी तुरे आले, तेव्हा थोरली खुरपे घेऊनच आली.

“हे रुईतलंच काहीतरी दिसतंय. चीक उडाला तर गिऱ्हाइकाच्या कपड्यांचे डाग निघायचे नाहीत तुझ्याच्याने.”

धाकटीने माझे एक पान खुडले. दोघी वाट पाहत राहिल्या. पाण्यासारखा स्वच्छ थेंब आला.

“चीक कुठाय, ताई?”

“मग ही रुई नव्हे.”

“फूल बघा की. पाच पाकळ्या खाली दुमडलेल्या, वर पाच इवल्या टोप्या. शेंगेतून कापूस निघाला तर काय म्हणाल?”

“म्हणेन, तुझं खरं.”

शेंग उकलली, कापूस उडाला आणि थोरलीला खरोखरच तसे म्हणावे लागले. तिनेच माझे नाव ‘बिनदुधाची’ ठेवले. “या घरातली तिसरी जाऊ,” धाकटी म्हणाली, “आणि आपल्यापेक्षा गुणी. कुणाला उलटून बोलत नाही.” त्यानंतर संध्याकाळचा चहा दोघी माझ्यापाशी बसून घेऊ लागल्या. फुलपाखरे येत, जात. मला त्यांचा हेवा वाटे.

थंडी सरता सरता धाकटीच्या आईचे ऑपरेशन ठरले. माहेरी निघताना तिने बजावले, “ताई, ही सगळ्यांच्या मागून उठते. पाणी घालू नका, उकरू नका. मी येईन तेव्हा ही इथंच दिसली पाहिजे.”

थोरलीने मान डोलावली. पण चुलीवरच्या पातेल्याचे झाकण तीनतीनदा उघडून पाहणारी ती बाई! शेजारची झाडे पालवली; माझा कोपरा कोराच राहिला. ती सकाळी आली, दुपारी आली. तिची पावले माझ्या माथ्यावर घुटमळत. मग बादलीभर पाणी आले, दुसऱ्या दिवशी पुन्हा. कोरड्या मातीवर जगणारी मी गुदमरले. अंकुर जमवीत होते, पण ओरडून सांगायला माझ्याकडे काय होते? अखेर तिने कुदळ घातली. मुळीचा वरचा तुकडा तुटून तिच्या हातात आला.

दुसऱ्या दिवशी रोपवाटिकेतून तिने तशाच केशरी फुलांचे रोप आणले. “तीच आहे,” विकणारा म्हणाला होता. पान खुडून पाहायचे तिला धाडस झाले नाही. एक जीव तर नुकताच हातून गेला होता. माझ्याच खड्ड्यात तिने ते लावले. मी खाली अर्धी, अंधारात, आणि वर परक्याचा संसार.

धाकटी परतली. फुले पाहून हरखली, मग थबकली. “इतक्यात फुलली?” तिने पान खुडले. पांढऱ्याशुभ्र दुधाचा थेंब तिच्या बोटावर ओघळला.

“मीच खणलं गं,” थोरली हळूच म्हणाली. “मेली असं वाटलं.”

“मेली असती तर चाललं असतं, ताई. तुम्ही मला बनवलंत.”

परसात पुन्हा नळ आणि कडी एवढेच शब्द उरले. चहा आत, आपापल्या खोलीत.

मित्रांनो, तुटलेल्या जागेवरूनच मी कामाला लागले. त्या परक्या मुळांना वळसा घालीत, चिखलातून, दगडाच्या कडेने मी वर सरकले. कुणासाठी, ते मलाही सांगता येणार नाही. एका दुपारी खड्ड्याच्या काठाशी माझा जांभळट कोंब बाहेर आला. थोरलीने तो आधी पाहिला.

“अगं, जरा ये.”

धाकटी ओल्या हातांनीच आली. कोंब कुणाचा हे पाहायला तिने चिमूट पुढे केली. थोरलीने तिचे मनगट धरले.

“राहू दे. पानं मोठी झाली की कळेल.”

“तेवढा दम निघेल तुम्हाला?”

“नाही निघणार. तू बस इथं.”

धाकटी बसली. तुमच्याही अंगणात एखादा कोरा कोपरा असेल, मित्रांनो. त्याला उकरू नका. तुमची पावले मला ऐकू येतात. तुम्ही वर थांबला आहात, एवढे मला पुरते.