सुरुवातीचा भाग कापून

हवा, बर्फ आणि समुद्र एकमेकांशी कसे वागतात, यावर दर महिन्याला एक ऑनलाइन व्याख्यान व्हायचं आणि ते भरवायचं काम दर्याबाईंकडे होतं. दर्याबाई हे नाव संस्थेतल्या पोरांनी ठेवलेलं. समुद्राच्या पोटात किती ऊब साठली आहे हे मोजण्यात बाईंची उमेदीची वर्षं खर्ची पडली होती, तेव्हा नाव काही चुकलं नव्हतं.

व्याख्यानाला येणारी मंडळी तीन घराण्यांची. हवावाले घाईचे, आजचं वारं पंधरवड्यात विसरून मोकळे. बर्फवाले चिकट, एकेक हिवाळा थरावर थर रचून जपणारे. आणि समुद्रवाले म्हणजे एकदा पोटात घेतलं की पिढ्या लोटल्या तरी बाहेर काढणार नाहीत. तिघं एकमेकांची यथेच्छ टिंगल करत, आणि एकाचं दुसऱ्यावाचून पान हलत नसे. एकत्र कुटुंबच म्हणा ना.

हवावाल्यांमध्ये एक फुगेवाला होता. आभाळात यंत्रं बांधलेले फुगे सोडायचे आणि वरची थंडी-वारा मोजायचा, हा त्याचा धंदा. पूर्वी तो याच संस्थेत, बाईंच्या शेजारच्या खोलीत बसायचा. चहाची वेळ झाली की मधल्या भिंतीवर टकटक करायचा. पुढे दूरच्या संस्थेत जागा मिळाली आणि तो गेला. निरोपाच्या कार्डावर सगळ्यांनी चार-चार ओळी लिहिल्या. बाईंनी पेन हातात धरून बराच विचार केला आणि लिहिलं, 'शुभेच्छा.' मग त्यांनी ही व्याख्यानमाला सुरू केली. विज्ञानाच्या भल्यासाठी, असं अर्जात म्हटलं होतं. ते खोटं नव्हतं, फक्त पुरतं नव्हतं.

व्याख्यानमालेचा एक नियम होता. ज्याचं भाषण असेल त्याने आवाज तपासायला थोडं आधी यायचं. फुगेवाला भाषण असो-नसो, दर वेळी आधी यायचा. बाई त्याला आत घ्यायच्या, बाकीच्यांना बाहेर ताटकळत ठेवायच्या.

"आवाज येतोय का, बाई?"

"येतोय. माझा?"

"तुझा काय, भिंतीपलीकडूनही यायचा."

एवढं झालं की त्याच्या दाढदुखीची चौकशी, बाईंच्या ताईच्या गुडघ्यांची चौकशी, जुन्या साहेबांची थोडी निंदा. मग बाई बाकीच्यांना आत घ्यायच्या आणि व्याख्यान सुरू व्हायचं. सगळ्याचं रेकॉर्डिंग संस्थेच्या मोठ्या संगणकावर आपोआप होत असे. दुसऱ्या दिवशी बाई सुरुवातीचा भाग कापायच्या आणि उरलेलं सगळ्यांसाठी चढवायच्या. कापलेलं त्यांनी एकदाही ऐकलं नाही. स्वतःचा आवाज ऐकवत नाही, असं कारण त्यांनी तयार ठेवलं होतं. विचारलं मात्र कोणी नव्हतं.

कारणं तयार ठेवण्याची सवय घरात चालत नसे. घरात ताई होती, बाईंची थोरली बहीण, बँकेच्या काउंटरवर जन्म काढलेली. समोरच्याला पैसे काढायचेत की नुसतं बोलायचंय, हे तिला चेहऱ्यावरून कळायचं.

"आज कोण बोलणार आहे गं?" त्या दिवशी सकाळी तिने विचारलं.

"आहेत एक. वाऱ्याचे अभ्यासक."

"तो फुगेवाला म्हण की! इस्त्रीची ओढणी उगाच नाही निघाली. समुद्राला काय कळतंय इस्त्रीतलं?"

"ताई, उशीर होतोय मला."

"तो तर केव्हाच झालाय," ताई म्हणाली आणि डबा पुढे सरकवला.

उशिराला त्या दिवशी वेगळा अर्थ होता. फुगेवाला आता जहाजावर निघाला होता. जहाज बर्फात मुद्दाम अडकवून ठेवायचं, बर्फ नेईल तिकडे वाहत जायचं, अख्खा हिवाळा वरून फुगे सोडायचे, आणि बर्फ सोडेल तेव्हा परत. हे भाषण आटोपलं की तो निघणार. फोन नाही, व्हिडिओ नाही. म्हणजे आता कितीतरी महिने आवाज तपासणं बंद.

दुपारी बाईंनी खोलीचं दार लावलं, खिडकीचा पडदा दोनदा मागेपुढे केला आणि त्याला आत घेतलं. त्याच्या मागे अर्धवट भरलेली बॅग दिसत होती.

"आवाज येतोय का, बाई?"

"येतोय. पायमोजे तरी मोजून घे. दर वेळी एकच सापडतो तुला."

"दुसरा तुझ्या समुद्रात जातो." तो हसला. "तिकडे तुमच्या व्याख्यानांचा नुसता आवाज पोचेल, महिन्यातून एकदा, टपालासारखा. जहाजाच्या जेवणघरात सगळे मिळून ऐकणार आहोत. नीट कापून पाठव, नाहीतर तुझे ते 'हॅलो हॅलो' ऐकत बसू."

"आणि तुझी खबर?"

"घरच्या एका माणसाला रोज दोन ओळी लिहिता येतात. एकालाच, आणि त्याचं नाव आधी द्यावं लागतं."

बाईंनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. समुद्रवाल्यांच्या मानाने त्या फारच घाईने बोलल्या, "मग तू कोणाला लिहिणार?"

फुगेवाल्याने डोळे मिटल्यासारखे केले, आणि तसाच राहिला. बाई वाट बघत राहिल्या. तो हलेना. मग त्यांच्या ध्यानात आलं की इंटरनेटच्या लाईनने अंग टाकलंय. तिसऱ्या मजल्यावर दुपारी हे नेहमीचंच. चित्र पुन्हा हललं तेव्हा तो गप्प होता आणि नुसता बघत होता. बाईंना वाटलं, नको ते विचारलं आपण, आता बिचाऱ्याला उत्तर सुचत नाहीये. खाली बर्फकाकांचं नाव आत येण्यासाठी लुकलुकत होतं. बर्फवाल्यांमधले सगळ्यात म्हातारे, त्यांना ताटकळत ठेवणं बरं नव्हे.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "काका आलेत. घेते आत."

"बरं," तो म्हणाला.

भाषण चांगलं झालं. वाऱ्याने दिलेला धक्का बर्फातून समुद्रापर्यंत पोचायला वेळ लागतो आणि समुद्राचं उत्तर वर यायला त्याहून जास्त, असं त्याने आलेखांवर दाखवलं. बर्फकाकांनी खोकत विचारलं, "पण उत्तर येतं हे नक्की ना रे बाबा? की आम्ही उगाच वितळत बसायचं?" सगळे हसले. फुगेवाला म्हणाला, "दर वेळी येतंच असं नाही, काका."

जहाज सुटल्यावर बाई रेकॉर्डिंग घेऊन बसल्या. सुरुवातीचा भाग निवडला, पण कापायला बोट उठेना. आता हाच तेवढा आवाज उरला होता. त्यांनी कानाला हेडफोन लावला. पायमोजे आले, टपाल आलं. "मग तू कोणाला लिहिणार?" आलं. आणि इथे शांतता नव्हती. लाईन बाईंची गेली होती, मोठ्या संगणकाची नाही.

"तुझं नाव दिलंय," फुगेवाला म्हणत होता. "न विचारता दिलं, म्हणून आता विचारतोय. चालेल का?" मग थोडं थांबून, "बाई? चालणार नसेल तर आज बदलता येईल."

आणि पाठोपाठ बाईंचा स्वतःचा आवाज, स्वच्छ, इस्त्री केलेला. "राहू दे. काका आलेत."

"बरं."

बाईंनी ते पुन्हा ऐकलं. पुन्हा. लाईन तर नेहमीच अशी जायची. आजवर न ऐकता कापून टाकलेल्या सगळ्या सुरुवातींमध्ये काय काय होतं, हे आता कोणीही सांगू शकणार नव्हतं.

संध्याकाळी ताईने सगळं ऐकून घेतलं. चेष्टा केली नाही, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"मग? त्याच्या दोन ओळी आल्या का तुला?"

"नाही. बदललं असेल नाव."

"जहाजावर पत्र?"

"ज्याचं नाव दिलंय त्यालाच लिहिता येतं."

"बरी आहे तुझी दुनिया," ताई म्हणाली. "तिकडे नुसती भाषणं तेवढी जातात?"

बाईंनी मान वर केली.

पुढच्या महिन्यात त्यांनी व्याख्यानाची खोली नेहमीसारखी आधी उघडली. त्या दिवशी भाषण करणाऱ्या पोरीला बाहेरच ठेवलं. पडद्यावर त्या एकट्याच होत्या. घसा साफ केला, घोटभर पाणी प्यायल्या.

"आवाज येतोय का?" त्या म्हणाल्या आणि सवयीने उत्तरासाठी थांबल्या. "माझी लाईन गेली होती. तू काय विचारलंस ते मला नंतर रेकॉर्डिंगमध्ये ऐकू आलं. चालेल. नाव बदललं असशील तर पुन्हा बदल. आणि पायमोजे मिळाले का, ते कळव."

मग त्यांनी पोरीला आत घेतलं.

दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग समोर होतं. जहाजाच्या जेवणघरात झाडून सगळे ऐकणार होते, बर्फकाका घरी मोठ्या आवाजात लावणार होते, संस्थेतल्या पोरांना वर्षभराचा विषय मिळणार होता. बाईंनी हा सगळा खर्च एकदा मनाशी मांडून पाहिला. मग काहीही न कापता चढवून टाकलं.

त्यानंतर त्या जहाजाकडून येणारी वाऱ्याची नोंद उघडून बसल्या. ती सगळ्यांसाठी खुली असते. बर्फावर कुठेतरी आत्ताच एक फुगा सुटला होता आणि वर वर चालला होता. त्याचे आकडे एकेक करून पडद्यावर उतरत होते. बाई ते आकडे वाचत राहिल्या.