मेडशी विरुद्ध रिसोड, वजनाप्रमाणे

एक ओला टॉवेल.

सोयाबीनच्या पोत्यात कोपरापर्यंत खुपसलेला हात.

उकंडरावांचा उजवा डोळा. त्यांच्या मते तो आजवर चुकलेला नाही.

लॅपटॉपवर हिरवी टिकली: जोड्या तयार.

"भाऊ, याच्यासंग कुस्ती खेळू का याच्या पाया पडू?"

हे शेवटचं मेडशीच्या हरीओमचं. आखाड्यात रिसोडच्या धिप्पाड बबलूसमोर उभं राहून त्यानं ते संघदीपला विचारलं, आणि मैदान खदखदलं. संघदीपचे कान तापले.

दोन गावांच्या संघांत वजनाप्रमाणे जोड लावणारं सॉफ्टवेअर त्याचं. आजवर हे काम त्याचे मामा उकंडराव करत. दोन पैलवान शेजारी उभे करायचे, एकदा बघायचं, झाली जोड. मामांनी भाच्याला एक दंगल दिली होती. एक जरी जोड बिघडली, तर लॅपटॉप कायमचा घरी.

"दोघंही बहात्तर किलो, मामा. मशीन खोटं नाही बोलत."

"नाही ना बापा. बबल्याचं पोटच खोटं बोलून राह्यलं."

मेडशीच्या पोरांची वजनं संघदीपनं स्वतः तालमीत घेतली होती. रिसोडची मात्र सकाळी इमरानकडून फोनवर आली होती. इमरान धान्याचा व्यापारी, पोत्यात हात खुपसून मालाचा ओलावा सांगणारा; काटा मैदानाला लागूनच. मामांनी बबलूला नेऊन काट्यावर चढवलं.

आकडा आला: ऐंशी.

"लिहा बहात्तर," इमरान म्हणाला.

"काहून?"

"ओला हाये ना भाई. सकाळी तं सगळेच आंघोळ करून, टॉवेल गुंडाळून आले. ओल्या मालाले कपात नाही करायची?" त्यानं सवयीनं बबलूचा दंड दाबून पाहिला. "याच्यात आठ किलो ओलावा पक्का."

"मले काय सोयाबीन समजून राह्यले, इमरानभाई?"

"सोयाबीन इतकं बोलत नाही."

रिसोडचा अख्खा संघ पुन्हा काट्यावर चढला. कपात नाही. संघदीपनं आकडे भरले आणि पडद्याकडे बघत राहिला. मामांकडे बघायची त्याची हिंमत नव्हती.

हिरवी टिकली. बबलू आणि मेडशीचा मोहनसिंग.

त्यानं मान वर केली. मामा त्या दोघांच्याच खांद्यांवर हात टाकून उभे होते.

"म्हंजे तुह्या मशीनले माह्याइतकं दिसते," मामा म्हणाले.

"मंग ठेवू का, मामा?"

"ठेव. पन काट्यापाशी मी उभा राहीन. मशीनले डोये नाहीत, आन इमरानले लाज नाही."

हरीओमनं तेवढ्यात बबलूच्या पाया पडून घेतलं.

आदल्या दिवशी संघदीपनं इमरानला फोनवर बजावलं होतं, "ओळख पाहू नका, भाई. मालाचं करता, तसंच पोरायचं वजन करा."