दक्षिणेकडचं पाखं

त्या दिवशी देवाजी सकाळपासून खुशीत होता. खळ्याच्या कडेला धानाच्या पोत्यांसाठी नवं शेड बांधायचं होतं आणि त्याच्या छपरावर सोलरच्या प्लेटा बसायच्या होत्या. कैलाश मिस्त्री दोरी आणि फक्की घेऊन आला, तसं बापलेकीचं जुनं तंत्र सुरू झालं. शुभांगी मागून हळूच सांगायची, देवाजी मोठ्यानं हुकूम सोडायचा. पोरीच्या मापावर गावात कोणी खड्डा खणत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"छपराले दोन पाखी नको, बाबा. एकच. दक्षिणेकडं उतरतं."

"कैलाश, एकच पाखं! दखिणेकडं!"

"तिकडं यमाचं घर हाय, देवाजीभाऊ. काहून म्हणता?"

देवाजी थांबला. "ऊन तिकडूनच जास्त येते," मागून शब्द आले.

"ऊन तिकडूनच येते ना बे! अन् यमाच्या घरची लाइट का जात नसन?"

तिघंही हसले. दुपारपर्यंत फक्कीच्या पांढऱ्या रेघा पडल्या. खांबांचे पाइप जाड घ्यायचे ठरले, कारण प्लेटांखाली वारा शिरला की छप्पर उचललं जातं.

दुसऱ्या सकाळी देवाजी उठलाच नाही. झोपेतच गेला.

तेरवी उरकली आणि देवाजीचे थोरले भाऊ, शुभांगीचे मोठे बाबा आनंदराव, कैलाशला घेऊन खळ्यावर आले. शुभांगीच्या आईनं, कुंताबाईनं, जेठांना पाहून पदर पुढं ओढला.

"रेघा मोड. शेड आडवं फिरव," आनंदराव म्हणाले. "मरण जवळ आलं का माणसाले दखिण दिसते. शेवटी देवाजीचं डोकंच फिरलं होतं."

"मले तवाच शंका आली होती," कैलाश म्हणाला. "बोलायच्या आधी भाऊ थांबून राहिले होते. दम घेऊन राहिले होते."

शुभांगीनं आईकडं पाहिलं. आईची मान हळूहळू हलत होती. तिलाही ते पटत चाललं होतं. शेड गेलं असतं तर शुभांगीनं सोसलं असतं. पण बाबा आता या गावात भ्रमिष्ट होऊन उरणार होते, तेही त्यांच्या स्वतःच्या घरात.

कैलाशनं फावडं उचललं. ती रेघेवर जाऊन उभी राहिली.

"बाजूले हो, पोट्टे," आनंदराव म्हणाले. "यात तुले काय समजते?"

"सगळं समजते, मोठे बाबा." तिनं आवाज खाली येऊ दिला नाही. "बाबा दम नव्हते घेत, माह्यं ऐकत होते. विहिरीची जागा मी दाखवली. धानाचं वाण मी निवडलं. तुम्ही ज्याले देवाजीची अक्कल म्हणत होते ना, त्यातली अर्धी माही होती, अन् बाबाले त्याची लाज नव्हती. लाज मले होती, म्हणून आजवर तोंड उघडलं नाही. आई, तूही ऐक. बाबाचं डोकं शेवटपर्यंत ठिकाणावर होतं. दखिण मी ठरवली."